शाळेचें अनुदान आणि आडगांवचें मूल

रडल्याशिवाय आईही पाजीत नाहीं, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. आईच्या बाबतींत ती कितपत खरी आहे हें आयांनाच ठाऊक. पण सरकारच्या बाबतींत ती पुष्कळच खरी आहे, असें शिक्षणाचा इतिहास चाळतांना वारंवार दिसून येतें. सरकारनें शाळांस पैसा दिला नाहीं असें नाहीं. गेल्या दोनशें वर्षांत कमीअधिक प्रमाणांत तो दिला जात आहेच. परंतु तो कोणत्या नियमानें दिला गेला, त्या नियमानें तो कोणाच्या दारापर्यंत पोंचला आणि कोणाच्या दारावरून पुढें निघून गेला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. रकमेची चर्चा होते, नियमाची होत नाहीं. आज मला त्या नियमाविषयींच चार शब्द सांगावयाचे आहेत, आणि उदाहरणासाठीं मी आपला जुना मुंबई इलाखाच घेणार आहें.

पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जात असे. विद्येस राजाश्रय देण्याची ती त्या काळची रीत होती. इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर दक्षिणेचा कांहीं भाग चालू राहिला, व त्याच निधीच्या आधारानें १८२१ मध्यें विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. तत्पूर्वीं १८१३ च्या सनदेनें कंपनी सरकारवर दरसाल निदान एक लक्ष रुपये विद्येकडे खर्च करण्याचें बंधन घातलें होतें. एक लक्ष रुपये, आणि तेही कंपनीच्या ताब्यांतील साऱ्या मुलखाला! तळें भरण्यास ओंजळीनें पाणी आणावें, तसा हा प्रकार होता. पाणी थोडें असलें म्हणजे तें आधीं कोणाच्या वाफ्यांत सोडावयाचें हा प्रश्न येतोच, आणि त्या प्रश्नाचें उत्तर राज्यकर्त्यांनीं अगदीं आरंभींच देऊन टाकलें.

मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचें नांव या इलाख्याच्या शिक्षणाच्या इतिहासांत आदरानें घेतलें जातें, व तें योग्यच आहे. गांवच्या शाळा सुधाराव्या, देशी भाषांत पुस्तकें छापावीं, हा त्यांचा आग्रह होता. पण त्यांच्या १८२४ च्या प्रसिद्ध टिपणांत सावधगिरीची एक विलक्षण सूचना आहे. मिशनऱ्यांस सर्वांत चांगले विद्यार्थी अगदीं खालच्या मानलेल्या जातींत मिळतात, असें त्यांनीं नमूद केलें आहे. आणि लगेच म्हटलें आहे कीं, अशा लोकांस खास उत्तेजन देतांना जपून पाऊल टाकावें, कारण नवें शिक्षण आधीं त्यांच्यांत रुजलें तर तें पुढें इतर समाजांत पसरणार नाहीं. म्हणजे विद्यार्थी हुशार आहे हें मान्य, पण हात आंखडता! १८४० मध्यें स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशननें, विशेषतः सर अर्स्किन पेरी त्याचे अध्यक्ष असतांना, याच विचाराची री ओढली. वरच्या थोड्या लोकांस उत्तम शिकवावें, विद्या झिरपत झिरपत खालीं जाईल, असें तें तत्त्व होतें. पाणी झिरपतें हें खरें; पण मध्यें कातळ लागला तर तें वरच सांचून राहतें, हें आपल्या सह्याद्रीकडे पाहणाऱ्या कोणालाही सांगतां आलें असतें.

१९ जुलै १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें ही चूक कबूल केली. आजवर सरकारचें लक्ष वरच्या वर्गांकडेच राहिलें. ज्या बहुजनांस स्वतःच्या बळावर शिक्षण मिळविणें सर्वथा अशक्य आहे त्यांच्याकडे आतां वळलें पाहिजे, असा त्याचा आशय आहे. उद्देश इतका स्वच्छ असूनही त्याच खलित्यांत सरकारी मदतीचें जें साधन सुचविलें, तें नेमकें त्या उद्देशाच्या उलट दिशेनें काम करणारें होतें. तें साधन म्हणजे अनुदानपद्धति. लोकांनीं आधीं पुढें यावें, शाळा काढावी, तिची व्यवस्था पाहावी, थोडीबहुत फी घ्यावी, तपासणी मान्य करावी. मग सरकार त्यांच्या पैशांत आपला पैसा घालील. मुंबई इलाख्यांत तर खेड्यांतील शाळांसाठीं अर्धस्वावलंबी शाळांची योजनाच निघाली. मास्तरचा निम्मा पगार गांवानें द्यावयाचा, शाळेस जागा गांवानें द्यावयाची, आणि उरलेला भार सरकारनें उचलावयाचा.

वरवर पाहतां यांत अन्याय कोठेंच दिसत नाहीं. सर्वांस एकच नियम. पण उदाहरणादाखल दोन गांवें डोळ्यांपुढें आणा. एका गांवीं बाजारपेठ आहे, देशपांडे-कुलकर्ण्यांचीं घरें आहेत, दोन सावकार आहेत. तेथें महिना पांच रुपये गोळा होण्यास एक संध्याकाळ पुरते, अर्ज लिहिणारा घरांतच असतो, आणि मामलेदाराच्या कचेरींत ओळखही असते. दुसरा गांव डोंगराच्या कुशींतला. तेथें नाचणी चैत्रापर्यंत पुरली तर भाग्य. पांच रुपये कोठून आणावयाचे, आणि आणले तरी अर्ज लिहावयाचा कोणी? अर्ज लिहितां येत नाहीं म्हणून शाळा नाहीं, आणि शाळा नाहीं म्हणून अर्ज लिहितां येत नाहीं! एकाच नियमानें पहिल्या गांवास सरकारचे पांच रुपये मिळाले, दुसऱ्यास कांहीं नाहीं. आणि दुसऱ्या गांवचा शेतसारा मात्र पहिल्याप्रमाणेंच तिजोरींत जमा झाला.

गांवच्या वर्गणीच्या या अटींतून आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली, ती अधिक कठोर होती. त्या वेळीं मुंबई इलाख्यांत मोडणाऱ्या धारवाड येथें १८५६ च्या जून महिन्यांत महार जातीच्या एका मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. त्यानें सरकारकडे दाद मागितली. मुंबई सरकारनें न्याय त्याच्या बाजूचा आहे हें अमान्य केलें नाहीं. पण एका मुलासाठीं साऱ्या शाळेचा उपयोग नाहींसा होईल अशा समजुतीनें हस्तक्षेप करण्याचें टाळलें. प्रकरण हिंदुस्थान सरकारकडे व तेथून विलायतेस गेलें. अखेर १८५८ मध्यें जें धोरण जाहीर झालें, तें आपल्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ज्या शाळांचा संपूर्ण खर्च सरकार करतें त्या सर्व प्रजाजनांस खुल्या राहतील; पण ज्या शाळांचा खर्च गांवचे वर्गणीदार अंशतः सोसतात, आणि ज्यांची अशा मुलांस हरकत आहे, तेथें तीं मुलें घालण्याचा सरकारचा विचार नाहीं; मात्र जातीच्या कारणानें प्रवेश नाकारणाऱ्या शाळेचें अनुदान बंद करण्याचा हक्क सरकार राखून ठेवीत आहे. हक्क राखून ठेवला तो कागदावर. प्रत्यक्षांत, ज्याच्या हातीं ससा तो पारधी! निम्मा पगार देणाऱ्याच्या हातांत शाळेची किल्ली गेली, आणि ज्याच्यापाशीं वर्गणी द्यावयास कांहींच नव्हतें तो पायरीच्या खालींच उभा राहिला.

पुढें १८६३ पासून या इलाख्यांत लोकल सेस बसूं लागला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा जादा घ्यावयाचा, आणि त्याचा एक तृतीयांश शिक्षणाकडे लावावयाचा. ही व्यवस्था वर्गणीपेक्षां निश्चित चांगली होती. कारण आतां कोणाच्या दारीं जाऊन हात पसरण्याची गरज उरली नाहीं. खेड्यांतील शाळांची संख्या वाढली ती बव्हंशीं या आण्यामुळेंच. पण आणा कुणब्याकडून गोळा होई, आणि त्यांतून निघणारी शाळा पुष्कळदां कसब्याच्या गांवीं उघडे. आण्याची वसुली घरोघर, शाळा मात्र मोजक्या ठिकाणीं.

याच दशकांत विलायतेंतून एक नवी कल्पना आली. रॉबर्ट लो यांनीं १८६२ मध्यें इंग्लंडांत निकालाप्रमाणें अनुदान देण्याची पद्धति सुरू केली होती. तपासनीस शाळेंत यावयाचा, वाचन, लेखन व अंकगणित यांची परीक्षा घ्यावयाचा, आणि जितकीं मुलें उतरलीं असतील त्या हिशेबानें पैसे द्यावयाचे. मुंबई इलाख्याच्या अनुदानाच्या नियमांतही हीच पद्धति शिरली. सरकारचा पैसा वायां जाऊं नये हा तिचा हेतु. पण परीक्षेंत मुलें उतरतात कोणाचीं? ज्यांच्या घरीं कोणीतरी अक्षर गिरवून घेणारें आहे त्यांचीं. माझ्या नोकरीचीं कांहीं वर्षें घाटमाथ्यावरच्या एकशिक्षकी शाळेंत गेलीं आहेत. भातलावणी आली कीं हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणांची रांग लागे. मुलें चिखलांत, धाकट्या भावंडांस राखणाऱ्या मुली बांधावर. तीं मुलें मठ्ठ नव्हतीं. परंतु अशा दिवसांत कोणी तपासनीस येऊन निकालावर माझा पगार ठरविता, तर पुढच्या वर्षीं मीं ती शाळा सोडून कसब्याची शाळा मागितली असती. निकालाचा नियम शिक्षकास हेंच शिकवितो कीं, जेथें शिकविणें सर्वांत कठीण आहे तेथून दूर राहावें.

ही गोष्ट त्या काळीं कोणाच्याच ध्यानांत आली नाहीं असें नाहीं. १८८२ मध्यें सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण आयोग नेमला गेला, आणि त्याच्यापुढें पुण्याहून महात्मा ज्योतीराव फुले यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं लेखी निवेदन सादर केलें. फुले हे कांहीं केवळ तक्रार करणारे गृहस्थ नव्हते. १८४८ पासून मुलींसाठीं, व पुढें महारमांगांच्या मुलांसाठीं, त्यांनीं स्वतः शाळा चालविल्या होत्या; १८५२ मध्यें सरकारनें विश्रामबागवाड्यांत त्यांचा सत्कारही केला होता. शाळेची मेढ रोवण्यापासून मास्तर मिळविण्यापर्यंत सारें त्यांनीं पाहिलेलें होतें. या निवेदनांत, इलाख्यांतील दहांपैकीं नऊ खेड्यांत, म्हणजे सुमारें दहा लाख मुलांसाठीं, प्राथमिक शिक्षणाची कांहींच सोय नाहीं असें म्हणतात, हें त्यांनीं पुढें मांडलें. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणाकडे वळतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. सेसचा निदान अर्धा भाग प्राथमिक शिक्षणास लावावा आणि शहरांतल्या शाळांचा खर्च म्युनिसिपालिट्यांनीं स्वतःच्या पैशांतून करावा, अशी त्यांची मागणी होती.

परंतु त्या निवेदनांतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. निकालाप्रमाणें अनुदान ही पद्धति गरीब व अडाणी लोकांस मुळींच उपयोगी नाहीं, असें फुल्यांनीं स्पष्ट सांगितलें. कारणही दिलें. ज्या लोकांत विद्येची गोडी अजून उत्पन्नच झालेली नाहीं, त्यांच्यांत जाऊन स्वतःच्या हिंमतीवर शाळा काढणारा शिक्षक मिळणार नाहीं, कारण त्याचें पोटच भरणार नाहीं. तेव्हां तशी गोडी लागेपर्यंत तेथें सरकारनेंच शाळा काढल्या पाहिजेत व खास उत्तेजन दिलें पाहिजे. त्यांनीं शिक्षकाच्या पगाराचा आंकडासुद्धां सांगितला. दरमहा बारा रुपयांच्या खालीं कोणास देऊं नये, आणि मोठ्या गांवीं पंधरा ते वीस द्यावे. शिक्षक शक्यतों शेतकरी समाजांतले असावे, शिक्षणांत मोडी व बालबोध, हिशेब, आणि थोडें शेतीचें व आरोग्याचें ज्ञान असावें, हेंही सुचविलें. मागणी उत्पन्न होण्याची वाट न पाहतां ती उत्पन्न करणें हें सरकारचें काम आहे, हा सिद्धान्त आपल्याकडे इतक्या स्वच्छपणें त्यापूर्वीं क्वचितच कोणी मांडला असेल.

हंटर आयोगानें निकालाची पद्धति प्राथमिक शाळांसाठीं सामान्यतः कायमच ठेवली. तथापि त्यानें एक अपवाद केला, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. मागासलेल्या टापूंतील शाळांस निराळ्या नियमांनीं मदत करावी. आणि जेथें मुख्यतः आदिवासींची वस्ती आहे अशा भागांत सरकारी खात्यानें स्वतः शिक्षणाचा प्रसार करावा, अथवा शाळा काढूं इच्छिणारांस सढळ हातानें अनुदान द्यावें, अशा शिफारशी त्याच्या अहवालांत आहेत. नियम सर्वांस सारखा असला म्हणजे न्याय होतो, हा समज सरकारी अहवालांतच असा ढळूं लागला. निकालाची पद्धति इंग्लंडांत शतकाच्या अखेरीस मोडीत निघाली, आणि हिंदुस्थानांत १९०४ च्या लॉर्ड कर्झन यांच्या शिक्षणविषयक ठरावानें तिला रजा दिली. पण सरकारी कारभारांत अपवाद हा नियमापेक्षां नेहमींच दुबळा असतो. त्यासाठीं वेगळी तरतूद लागते, वेगळा माणूस लागतो. आणि टंचाई आली म्हणजे पहिली कात्री त्यालाच लागते.

नियम उलटा करून दाखविला तो संस्थानिकांनीं. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ मध्यें अमरेली तालुक्यांत सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें, आणि १९०६ मध्यें तें सर्व राज्यभर लागू केलें. अस्पृश्य मुलांच्या शाळांस हिंदु शिक्षक मिळेनात, तेव्हां मुसलमान शिक्षक नेमले, पण शाळा थांबविली नाहीं. जंगलपट्टींतील मुलांसाठीं वसतिगृहें काढलीं. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून वसतिगृहांची रांगच उभी केली. १९१७ मध्यें सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला, आणि मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्यें अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून तीं मुलें सर्वांच्या शाळेंत बसवावीं असा हुकूम दिला. येथें गांवानें अर्ज करावा, निम्मी वर्गणी जमवावी, मग पाहूं, असा प्रकार नव्हता. सरकार आधीं गेलें. गांव मागून आला. अर्थात् हें एका माणसाच्या इच्छेवर चाललेलें काम होतें, आणि राजाची इच्छा त्याच्याबरोबर जाते. पण करणें अशक्य नाहीं एवढें त्यांनीं सिद्ध केलें.

ब्रिटिश मुलखांत हा प्रश्न गोपाळ कृष्ण गोखले यांनीं हातीं घेतला. १९१० मध्यें त्यांनीं कौन्सिलांत ठराव मांडला व १९११ मध्यें विधेयक आणलें. खर्चाचे दोन वांटे सरकारचे व एक वांटा स्थानिक संस्थेचा, अशी त्यांची योजना होती. ती किती सावध होती पाहा. ठरावाप्रमाणें, जेथें शाळेच्या वयाचे शेंकडा ३३ मुलगे आधींच शाळेंत जात आहेत, तेथेंच सक्ती करावयाची. म्हणजे मुळांत जेथें एक तृतीयांश मुलें शाळेंत आहेत, तेथें उरलेलीं आणावयाचीं. आणि जेथें कोणीच नाहीं तेथें सध्यां जावयाचें नाहीं! गोखल्यांस हें दिसत नव्हतें असें म्हणणें वेडेपणाचें होईल. सरकारला मान्य होईल एवढेंच त्यांनीं मागितलें. तरीही १९ मार्च १९१२ रोजीं विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. पुढें विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ चा कायदा झाला, तो म्युनिसिपालिट्यांपुरता होता. १९२३ मध्यें रँ. परांजपे शिक्षणमंत्री असतांना नवा कायदा होऊन जिल्हा लोकल बोर्डेंही त्यांत आलीं. बोर्डाच्या वाढीव खर्चाचे दोन तृतीयांश सरकारनें द्यावयाचे ठरलें. पण एक तृतीयांश आधीं बोर्डानें उभारावयाचा! जुनी वर्गणीच नव्या वेषांत आली. ज्या जिल्ह्यांत पैसा होता तेथें योजना झाल्या. ज्यांत नव्हता तेथें कायदा दप्तरांत राहिला. त्यांतच १९३० च्या सुमारास मंदी आली.

१२ मार्च १९२७ रोजीं मुंबई कायदेमंडळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर बोलले, तेव्हां त्यांनीं कोणतीही हळहळ न व्यक्त करतां हिशेबच मांडला. सरकार माणशीं चौदा आणे शिक्षणावर खर्च करतें, आणि अबकारीच्या रूपानें त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक वसूल करतें. याच गतीनें चाललें तर शाळेच्या वयाचे सर्व मुलगे शाळेंत यावयास ४० वर्षें, आणि मुली यावयास ३०० वर्षें लागतील! पुढल्याच वर्षीं अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं स्टार्ट समिति नेमली गेली. तींत आंबेडकर होते, ठक्करबाप्पाही होते. तिच्या १९३० च्या अहवालानंतर मागासवर्गांसाठीं स्वतंत्र सरकारी खातें निघालें. शिष्यवृत्त्या, वसतिगृहें यांकडे पाहणारा एक अधिकारी झाला. मागण्याचें सामर्थ्य नसणाऱ्याच्या वतीनें विचारणारें कोणीतरी सरकारांतच असावें, ही सुधारणा लहान नव्हे.

१९३७ मध्यें बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ आल्यावर, ज्या खेड्यांत शाळा नाहीं तेथें शाळा काढणाऱ्या सेवाभावी संस्थांस अनुदान देण्याची योजना निघाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेनें या व्हॉलंटरी शाळांचें जाळें सातारा जिल्ह्यांत व आसपास विणलें. त्यांची संख्या पाचशेंच्या वर गेली. यांतही अनुदानच होतें, पण अट बदलली होती. गांवापाशीं पैसा आहे काय, असें सरकार विचारीत नव्हतें. गांवांत शाळा नाहीं ना, असें विचारीत होतें. नियमांतला एकच शब्द फिरला, आणि पैसा डोंगराच्या दिशेनें वाहूं लागला.

ठाणें जिल्ह्यांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डीस, व पुढें कोसबाडच्या टेकडीवर, जें काम केलें त्यानें आणखी एक पायरी ओलांडली. वारल्यांचीं मुलें गुरें घेऊन रानांत जातात म्हणून शाळेंत येत नाहींत ना? मग शाळाच कुरणांत न्यावी! त्यांची कुरणशाळा ही याच विचारांतून निघाली. मुलें शाळेला येत नाहींत हा मुलांचा दोष, ही समजूतच त्यांनीं मोडून काढली.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या राज्यघटनेच्या ४५ व्या कलमानें, दहा वर्षांच्या आंत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचें उद्दिष्ट घातलें. ४६ व्या कलमानें दुर्बळ वर्गांच्या, विशेषतः अनुसूचित जाति व जमाति यांच्या, शिक्षणाची खास काळजी वाहण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. दहा वर्षांचें काम अर्ध्या शतकांतही पुरें झालें नाहीं. तथापि त्या वाटेवर आदिवासी भागांत आश्रमशाळा निघाल्या, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीं साखरशाळा निघाल्या, आणि जेथें शाळा जवळ नव्हती अशा पाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या. यांतील उणिवा पुष्कळ सांगतां येतील. पण मूल जेथें आहे तेथें शाळा नेणें, हें सूत्र त्या सर्वांत होतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें, जो १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला, या सूत्रास हक्काचें रूप दिलें. महाराष्ट्राच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आंत व उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आंत असावी असें ठरलें. अर्जाच्या जागीं अंतर आलें. वुडसाहेबांच्या खलित्यापासून मोजलें तर या एका बदलास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला.

म्हणूनच यानंतर जें घडलें त्याकडे काळजीनें पाहिलें पाहिजे. २०१७ च्या अखेरीस, दहापेक्षां कमी पट असलेल्या १३१४ शाळा बंद करून तेथील मुलांस जवळच्या शाळेंत घालण्याचा निर्णय आपल्या राज्यांत जाहीर झाला, आणि त्यावर मोठा वाद माजला. २०२३ मध्यें, वीसपेक्षां कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले गेले. या विचाराची दुसरी बाजू मला मान्य आहे. चार मुलांच्या शाळेंत खेळावयास गडी नाहीं, स्पर्धा नाहीं, एकच मास्तर सर्व इयत्तांस पुरा पडत नाहीं. मोठ्या शाळेंत प्रयोगशाळा असेल, वाचनालय असेल. पण पट हा शेवटीं जुन्या निकालाचाच भाऊ आहे. डोंगरावरच्या वाडींत मुलें थोडीं असतात तीं वाडी लहान म्हणून. शाळा वाईट म्हणून नव्हे. मधल्या ओढ्यास श्रावणांत पाणी चढतें, गाडीचें भाडें वेळेवर मंजूर होत नाहीं, आणि शाळा तीन कोसांवर गेली कीं आधीं घरीं बसते ती मुलगी. समूहशाळा करावयाच्या असतील तर आधीं रस्ता, आधीं वाहन, आधीं वसतिगृह, आणि मग जुन्या शाळेस कुलूप, असा क्रम हवा. आधीं कुलूप घातलें तर बाकीचें येईलच, याची हमी आजवरच्या इतिहासांत कोठेंच मिळत नाहीं.

मागणाऱ्यास द्यावें, पात्र असेल त्यास द्यावें, हा दानाचा नियम झाला. सरकारचा पैसा हें दान नव्हे. तो लोकांचाच कर परत येत असतो. फुल्यांच्या वेळीं तो रुपयामागें एक आणा होता. आज आडगांवचा मनुष्य तेलासाबणाच्या पुड्यापासून खताच्या गोणीपर्यंत प्रत्येक खरेदींत कर भरतो. तो भरतांना त्याच्या वाडीची पटसंख्या कोणी विचारीत नाहीं.